मदत हवी आहे: बोट नसतानाही ऑक्सिजन दाखवणारा सेन्सर आणि दोन दिवसांची कार्यशाळा

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी ई अँड टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) शिकवते. गणपती उठले की दुसऱ्या शनिवार-रविवारी सेकंड इयरच्या मुलांसाठी कार्यशाळा घ्यायची आहे. नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारा, अंगावर घालता येईल असा पट्टा मुलांनी स्वतः बनवायचा. मुलं ४०, दोघांत एक किट, म्हणजे २० किट. एका किटला विभागाने ९०० रुपये मंजूर केलेत.

गेल्या वर्षी ही कार्यशाळा पहिल्यांदा घेतली. फोटो छान आले, प्रमाणपत्रं वाटली, विभागप्रमुख खूश. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जे झालं ते माझ्या मनातून जात नाही.

एका मुलीच्या पट्ट्यावर ८५ आलं. तिने काढून पुन्हा लावला, ८४. शेजारचे सगळे ९६-९७ वर. कोरोनात तिच्या आजोबांचा ऑक्सिजन घरीच असा उतरत गेला होता, आणि ९४ च्या खाली गेलं की काय करायचं हे त्या घरातल्या सगळ्यांना अजून पाठ आहे. तिने मला काही न सांगता बाहेर जाऊन आईला फोन लावला. आई बिबवेवाडीहून रिक्षा करून अर्ध्या तासात कॉलेजच्या गेटवर. मला कळलं तेव्हा मायलेकी दोघी पायऱ्यांवर बसल्या होत्या आणि मुलीचे हात थरथरत होते. प्रथमोपचार पेटीतला नेहमीचा ऑक्सिमीटर लावला, ९८. आईचा जीव भांड्यात पडला. वर्गात मात्र "सेन्सर फॉल्टी होता" एवढ्यावर विषय संपला.

तो फॉल्टी नव्हता. संध्याकाळी लॅब रिकामी झाल्यावर मी तोच सेन्सर खोडरबरावर टेकवला. थोड्या वेळाने स्क्रीनवर आकडे यायला लागले. दुसऱ्या किटचा सेन्सर घेतला, तेच. बोट नाही, रक्त नाही, तरी टक्केवारी हजर.

मी तेव्हा मुलांना तयार कोड दिला होता. वायरी जोडा, अपलोड करा, आकडा बघा. हा आकडा येतो कुठून, असं दोन दिवसांत एकानेही विचारलं नाही. विचारतील कसे, तशी जागाच मी ठेवली नव्हती. या वर्षी पट्टे थोडे कमी नेटके झाले तरी चालतील, पण आपल्या यंत्रावर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी नाही, हे प्रत्येक मुलाला कळायला हवं. ते दोन दिवसांत कसं बसवायचं यासाठी तुमची मदत हवी आहे.

आत्ता हाताशी आहे ते सांगते. सेन्सर मॅक्स-३०१०२, म्हणजे एकाच चिपमध्ये लाल आणि अवरक्त एलईडी आणि परत येणारा प्रकाश टिपणारा डायोड. कोड चालवणारा छोटा बोर्ड ईएसपी-३२. सेन्सरची मॉड्यूल तपकीर गल्लीतून घेतली होती, त्यातली सात मॉड्यूल ईएसपी-३२ ला सापडतच नव्हती. वायरी तपासल्या, कोड तपासला, तरी पत्ता नाही. मुलांचा शनिवारचा अख्खा सकाळचा वेळ त्यात गेला. हे मॉड्यूलचं दुखणं आहे की माझं काही चुकतंय?

दुसरं, पट्टा. आम्ही मनगटावर वेल्क्रो बांधला. हात हलला की सिग्नल गेला. घट्ट बांधला तर बोटं थंड पडली आणि सिग्नल आणखी बारीक झाला. मनगट सोडून बोटावर यावं का?

तिसरं, मुलांना ईसीजीही करायचा आहे. एडी-८२३२ चं मॉड्यूल ९०० रुपयांत कसंबसं बसेल, पण माणसाच्या छातीला वायरी लावून त्या लॅपटॉपला जोडायच्या याची मला धास्ती वाटते. ही धास्ती योग्य आहे ना?

आणि बॅटरी. १५० एमएएचची छोटी लिथियम पॉलिमर बॅटरी टीपी-४०५६ च्या मॉड्यूलवर चार्ज करताना चांगलीच गरम झाली होती. मी ती लगेच काढून बाजूला ठेवली. तिथे काय चुकलं?

ज्यांनी असं काही शिकवलंय, बनवलंय किंवा रुग्णांवर रोज वापरतात, त्यांनी सविस्तर लिहिलं तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

मॅडम, आधी बॅटरीचं, कारण ते धोक्याचं आहे. त्या चार्जिंगच्या मॉड्यूलवर कारखान्यातून १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. त्याने चार्जिंगचा प्रवाह १ अँपिअर ठरतो. तुमच्या १५० एमएएचच्या बॅटरीला ते जवळपास सातपट झालं. तो रेझिस्टर काढून १० किलोओहमचा लावा, प्रवाह १३० मिलिअँपिअरच्या आसपास येईल. वीस किटना हे आधीच करून ठेवा, मुलांवर सोडू नका. जमत नसेल तर बॅटरीच टाळा, पॉवर बँकेवर चालवा.

सापडत नसलेली मॉड्यूल: तुमचं काही चुकलेलं नाही. बाजारातल्या स्वस्त हिरव्या सेन्सर बोर्डांत पुल-अप रेझिस्टर (तारेला वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारे) १.८ व्होल्टला जोडलेले येतात. ईएसपी-३२ ला ‘हाय’ समजायला २.५ व्होल्टच्या आसपास लागतात. काही नशिबाने चालतात, काही नाही. बोर्डवरचे ते तीन पुल-अप रेझिस्टर काढा आणि बाहेरून डेटा आणि क्लॉक या दोन्ही तारांवर ४.७ किलोओहमचे ३.३ व्होल्टला लावा. इंटरप्टची तिसरी तार वापरत असाल तर तिलाही तसाच एक. माझ्याकडची एकूण एक अशी सुधारली आहेत. खरेदी करतानाच १.८ की ३.३ ते निवडायची जागा असलेला बोर्ड मिळाला तर हा खटाटोपच नको.

आता त्या ८५ बद्दल. तुमच्या कोडमध्ये ‘११० वजा २५ आर’ असं काही सूत्र आहे का, तेवढं बघून सांगाल?

धागाकर्ती

हो, अगदी तेच आहे. का?

प्रतिसाद १

मग तो ८५ योगायोग नाही. ‘आर’ म्हणजे लाल प्रकाशातली धडधड (नाडीच्या ठोक्यागणिक होणारा चढउतार) भागिले लाल प्रकाशाची सरासरी पातळी, आणि त्याला अवरक्तच्या तशाच गुणोत्तराने भागायचं. बोट स्थिर असेल तेव्हा ही धडधड एकूण प्रकाशाच्या शेकडा एक-दोनच असते. बोट हललं की दोन्ही रंगांचा प्रकाश एकदमच आणि सारख्याच प्रमाणात वरखाली होतो. तो गोंगाट खऱ्या धडधडीपेक्षा कितीतरी मोठा. दोन्हीकडे सारखाच गोंगाट असेल तर भागाकार येतो १. सूत्रात १ घाला: ११० वजा २५, म्हणजे ८५.

त्या मुलीचा आजार त्या आकड्यात नव्हताच. तिचा हात हलत होता, एवढंच तो आकडा सांगत होता. घाबरल्यावर हात आणखी थरथरला असणार, म्हणून दुसऱ्यांदाही ८४.

मला विचाराल तर या वर्षीची कार्यशाळा इथूनच सुरू करा. प्रत्येकाने मुद्दाम बोट हलवायचं आणि ८५ काढून दाखवायचं.

प्रतिसाद २

मी भूलतज्ज्ञ आहे. वरचं स्पष्टीकरण वाचून बरं वाटलं, कारण ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही नेमकं हेच करतो. आकडा नंतर, आधी स्क्रीनवरची नाडीची लाट बघायची. लाट स्वच्छ, एकसारखी असेल तरच आकड्याला अर्थ. लाट तुटलेली आणि आकडा ८५ असेल तर आमचा हात आधी रुग्णाच्या बोटाकडे जातो. क्लिप सरकली का, बोट गार पडलं का, त्याच हाताला रक्तदाबाचा पट्टा फुगतोय का. हे बघतानाच रुग्णाचा रंग आणि श्वासही बघतोच, कारण कधीकधी आकडा खराही असतो.

तुमच्या मुलांना पहिला अर्धा दिवस आकडा दाखवूच नका. स्क्रीनवर फक्त लाट. दुसऱ्या हाताने मनगटाची नाडी ३० सेकंद मोजायची, दुप्पट करायची आणि लाटेतल्या शिखरांशी ताडून बघायची. हे जुळलं की नाडीचा आकडा त्यांनी स्वतः कमावलेला असेल. ऑक्सिजनचं तसं नाही. उत्पादक निरोगी स्वयंसेवकांना देखरेखीखाली हळूहळू कमी ऑक्सिजनची हवा देतात, धमनीतलं रक्त काढून तपासतात आणि त्यावरून साधारण ७० टक्क्यांपर्यंतचा तक्ता बनवतात. तुमच्या बोर्डाचा असा तक्ता कुणी बनवलेला नाही. म्हणून ऑक्सिजनच्या आकड्याखाली ‘अंदाज’ असं लिहूनच दाखवा. आणि आकडा उतरतो का बघायला श्वास कोंडून धरण्याच्या पैजा कृपया होऊ देऊ नका.

मुलांना एक गोष्ट नक्की सांगा. १९७० च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी हे इंजिनिअर रंगद्रव्य टोचून हृदयाची क्षमता मोजायची पद्धत सुधारत होते. कानातून जाणाऱ्या प्रकाशात नाडीची धडधड मिसळायची आणि मोजमाप बिघडवायची. ती घालवायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की दोन रंगांतल्या या धडधडीच्या गुणोत्तरातच ऑक्सिजनचा हिशेब आहे. आजचा ऑक्सिमीटर तिथून आला. सेकंड इयरच्या मुलाला गोंगाट आणि सिग्नल यांचं नातं यापेक्षा चांगलं कुठे सापडणार?

त्वचेच्या रंगाचाही विषय काढा. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ऑक्सिमीटरने न पकडलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीयांमध्ये जवळपास तिप्पट आढळली होती. आपल्या वर्गात गव्हाळ, सावळे, काळे असे सगळे हात असतात. प्रत्येकाची लाट किती उंच येते ते मुलांनी स्वतः बघावं.

ईसीजीबद्दल तुमची धास्ती योग्य आहे, भिंतीतली वीज वायरींतून छातीपर्यंत पोहोचता कामा नये. लॅपटॉपचा चार्जर काढलेला, जवळ भिंतीतल्या विजेवरचं कुठलंही उपकरण जोडलेलं नाही, एवढं कटाक्षाने पाळायचं. वीस टेबलांवर ते पाळलं जाणार नाही. एकच टेबल ठेवा, तिथे तुम्ही स्वतः उभ्या राहा.

प्रतिसाद ३

ताई, मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही, पण मी शिवणकाम करते, म्हणून पट्ट्यापुरतं लिहिते. वेल्क्रो ताणला जात नाही, त्यामुळे तो एकतर सैल नाहीतर करकचून. पाऊण इंची मऊ इलॅस्टिक घ्या, रविवार पेठेत मीटरवर मिळतं, वेल्क्रो फक्त टोकाला एवढासा. इलॅस्टिक बोटाच्या घेरापेक्षा अगदी थोडं कमी कापा. आतून काळ्या फेल्टचा तुकडा लावून मधे सेन्सरपुरती खिडकी ठेवा, म्हणजे बाजूने उजेड शिरणार नाही. वायर पट्ट्यालाच दोन टाके घालून पक्की करा. नाहीतर हात हलला की वायर सेन्सरला ओढते आणि नाव बोटाचं होतं. वीस पट्टे मी शिवून देऊ शकते, इलॅस्टिक तेवढं आणा.

प्रतिसाद ४

मॅडम, मी गेल्या वर्षी त्याच बॅचला होतो. "सेन्सर फॉल्टी" म्हणणाऱ्यांत मीही होतो. मुलीला सॉरी म्हटलंय, पण ८५ का आलं ते आज कळलं. दोन्ही दिवस मदतीला येतो. मॉड्यूलचे रेझिस्टर काढायचं काम माझ्याकडे द्या, माझा सोल्डरिंगचा हात बरा आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कोड उघडून सूत्रात १ घालून बघितला आणि कितीतरी वेळ त्या ८५ कडे बघत बसले.

ठरवलंय ते असं. शनिवारी सकाळी स्क्रीनवर फक्त लाट, आकडा नाही. दुपारी हाताने मोजलेली नाडी आणि शिखरं ताडायची. रविवारी सूत्र फळ्यावर, मग प्रत्येक जोडीने बोट हलवून ८५ आणायचं, खोडरबरावरही सेन्सर टेकवायचा, आणि त्यानंतर कोडमध्ये स्वतः अट लिहायची: लाट खराब असेल तर आकड्याऐवजी ‘बोट स्थिर ठेवा’ दिसलं पाहिजे. ज्या जोडीचं यंत्र खोडरबरावर गप्प राहील, तिचं काम झालं. ईसीजी एकाच टेबलावर, बॅटरीवरच्या लॅपटॉपने. मुलांना घरातला ऑक्सिमीटर आणायला सांगते. कोरोनात घेतलेले बहुतेक घरांत कपाटात पडून असतील, तुलनेला कामी येतील. कुणाचा आकडा प्रोजेक्टरवर नावासकट दाखवायचा नाही, हेही पक्कं.

प्रतिसाद ३ मधल्या ताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, इलॅस्टिक या शनिवारी आणते. प्रतिसाद ४, तू सोमवारी चारनंतर लॅबमध्ये ये, सात मॉड्यूल टेबलावर काढून ठेवते.

त्या मुलीशीही आज बोलले. ती आता थर्ड इयरला आहे. सूत्र तिला दाखवलं, तिने माझ्यासमोर वहीत आकडेमोड केली आणि विचारलं, "रविवारचा तो भाग मी शिकवू का?" मी हो म्हटलं आहे.

एकच अडचण उरली. खराब लाट ओळखायची अट सेकंड इयरच्या मुलाला तासाभरात लिहिता येईल इतकी सोपी कशी ठेवावी? लागोपाठच्या शिखरांमधलं अंतर फार बदललं की आकडा लपवायचा, एवढं माझ्या डोक्यात आहे. पण खोडरबरावर तेवढ्याने भागेल असं वाटत नाही. कुणी करून बघितलं असेल तर लिहा.