जॅनिसची पोर्श राहिली की!

बीटल्सच्या जॉन लेननच्या चित्रांनी रंगवलेल्या पिवळ्या रोल्स रॉइसबद्दल छान लिहिलं जातं, पण सायकेडेलिक, म्हणजे भडक रंगांत चित्रं काढलेल्या, गाड्यांचा विषय निघाला आणि अमेरिकन रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनच्या पोर्शचं नाव नाही म्हणजे राहवलंच नाही. १९६४ची ३५६ सी मॉडेलची, उघड्या टपाची, तिनं १९६८मध्ये सेकंडहँड घेतली आणि तिच्या बँडचा रोडी (दौऱ्यात सामान-वाद्यं सांभाळणारा) डेव्ह रिचर्ड्स याला ५०० डॉलर देऊन रंगवायला सांगितली. लेननची गाडी रीतसर कोचबिल्डरकडे, म्हणजे गाड्यांची बॉडी बनवणाऱ्यांकडे, रंगली होती, इथे मात्र एका मित्राचा हात आहे आणि तो दिसतो, फुलपाखरं, डोळे, डोंगरदऱ्या, बँडमधल्या लोकांचे चेहरे, एक इंच जागा रिकामी नाही.

आणि ही काही शोपीस नव्हती, ती रोज सॅन फ्रान्सिस्कोत हीच चालवायची. १९६९मध्ये गाडी चोरीला गेली, ओळखू येऊ नये म्हणून चोरानं वरून राखाडी रंग मारला, पण रिचर्ड्सनं आधीच चित्रावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, दिला होता म्हणून तो रंग काढता आला आणि खालचं काम वाचलं. मला तर हीच सगळ्यात भारी गोष्ट वाटते, पेंटरनं शेवटचा हात नीट मारला होता म्हणून!

पुढे जॅनिस वारल्यावर तिच्या घरच्यांनी गाडी साध्या राखाडी रंगात रंगवून घेतली, ९०च्या दशकात जुन्या फोटोंवरून सगळं चित्र पुन्हा काढलं. म्हणजे आज दिसतं ते रिचर्ड्सच्या हातचं नाही. तरी २०१५च्या लिलावात १७.६ लाख डॉलरला गेली.