९० मिमी हुकते, पण दोष लेन्सचाच का?

रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर (दोन खिडक्यांतून येणाऱ्या प्रतिमा एकमेकींवर जुळवून ज्यात फोकस करतात) ९० मिमी लेन्सचं फोकस हुकतं, अशी तक्रार असते. ती खरी, पण लगेच लेन्स विकायला काढू नका. लायका एम९चा व्ह्यूफाइंडर दृश्य ०.६८ पट दाखवतो, म्हणजे ६९.२५ मिमीचा बेस (त्या दोन खिडक्यांमधलं अंतर) प्रत्यक्षात जेमतेम ४७ मिमीचं काम करतो. त्यात एफ २ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं आणि फोकसची पट्टी अरुंद ठेवून, पोर्ट्रेट काढायचं तर चुकायला वावच नाही. माझं डोळ्यावर जुळवलेलं फोकस नेमाने कानावर जायचं!

१.४ पटीचा मॅग्निफायर (भिंग) आयपीसवर लावला आणि प्रत्यक्ष उपयोगी बेस ६६ मिमीच्या आसपास गेला. आता पापण्यांवर दुहेरी प्रतिमा नीट जुळताना दिसते. २८ मिमी लेन्सची फ्रेम (व्ह्यूफाइंडरमधली चौकट) मात्र दिसेनाशी होते, त्यामुळे तो सारखा काढघाल करावा लागतो. कटकट आहेच. आणि रेंजफाइंडरचं कॅलिब्रेशनच (मूळ जुळणी) हललं असेल, तर मॅग्निफायर काहीच करू शकत नाही.