दोन फुटी टाकी, खऱ्या पाणवनस्पती आणि रंगीत मासे: सुरुवात कशी करू?

पाणपोई:
नमस्कार मंडळी. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच अशी काचेची टाकी आणून ठेवली आहे, अजून कोरडीच आहे. प्लास्टिकची झाडं अजिबात नकोत. माशांवरून मात्र घरात एकमत नाही. लेकाला गोल्डफिश हवाय, मला निऑन टेट्रा आणि ह्यांना एंजल. तिन्ही एकत्र राहतील का? आमच्याकडचं पाणी जड आहे, केटलीत पांढरा थर बसतो. आज पाणी भरून उद्या मासे सोडले तर चालेल ना?

तिरपा खेकडा:
उद्या सोडलेत तर परवा काढायची वेळ येईल.

आधी यादीचं बघू. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, तो घाण भरपूर करतो आणि कोवळी पानं बकऱ्यासारखी चरतो. शिवाय वाढला की ही टाकी त्याला पुरणार नाही. एंजल छोटा असतो तोवर गरीब वाटतो. मोठा झाला की तुमचे निऑन एकेक करून गायब होतील. त्याला उंचीही जास्त लागते. म्हणजे तुमचं आणि ह्यांचं जमत नाही, आणि लेकाचं कुणाशीच जमत नाही.

आता पाणी. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. ही मंडळी फिल्टरच्या स्पंजावर नीट वस्तीला यायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर फिल्टर चोवीस तास चालू ठेवा आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाका, म्हणजे जिवाणूंची उपासमार होणार नाही. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसतंय, असं झालं की मासे आणा. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतंय यावर अजिबात जाऊ नका, अमोनिया दिसत नाही.

स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही. पाणी बदलताना टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात पिळायचा. नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

आणि हो, टाकीत साधारण ५५ लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन ५५ किलो. वर काच, खडी, दगड. डुगडुगणारं टेबल नको.

हिरवाकंच:
खेकडेबुवा, जिवाणूंचं सगळं मान्य, पण तुमच्या प्रतिसादात झाडं कुठेच नाहीत! वनस्पती अमोनिया थेट शोषून घेतात. पहिल्या दिवसापासून टाकी गच्च लावली तर पाणी सावरायला मोठी मदत होते. (टेस्ट किट तरीही लागेलच, भांडू नका.)

ताई, सुरुवातीला भराभर वाढणाऱ्या घ्या: हॉर्नवर्ट, हायग्रोफिला, व्हॅलिस्नेरिया. व्हॅलिस्नेरियाला जड पाणी छान मानवतं. जावा फर्न आणि अनुबियास या दोन्ही कमी प्रकाशात तगतात, फक्त त्यांचं आडवं जाड खोड वाळूत पुरू नका, सडतं. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा. जावा फर्नच्या पानामागे काळपट पुटकुळ्या ओळीने आलेल्या दिसतील. तो रोग नाही, बीजाणू आहेत. जुन्या पानांच्या टोकाला इवलीशी रोपं फुटतात, पुढे तीही बांधता येतात. क्रिप्टोकोरिन लावलीत तर सुरुवातीला पानं विरघळून बुळबुळीत होऊ शकतात. सडकी पानं काढा, मुळं उपटू नका, तिथूनच नवी येतात.

दिवा ६ ते ८ तास, टायमरवर. खिडकीचं थेट ऊन नको, नाहीतर शेवाळाची शेती होईल. पहिल्या काही आठवड्यांत काचेवर तपकिरी भुकटी बसते, बोटाने पुसली जाते. ती आपोआप कमी होते, त्यासाठी औषधं ओतू नका. एवढ्या झाडांना कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही.

पाणपोई:
बाप रे, बरंच आहे की! पाणी रात्रभर बादलीत ठेवलं तर क्लोरीन उडतो ना? आणि लेकाला आता काय सांगू?

तिरपा खेकडा:
क्लोरीन उडतो. पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तो रात्रभराने जात नाही. क्लोरीन मारायचं औषध वापरा आणि निश्चिंत राहा.

लेकाला प्लॅटी दाखवा, तोही केशरी मिळतो. तुमच्या जड पाण्यात प्लॅटी आणि गप्पी मजेत राहतील. निऑन मुळात मऊ पाण्यातले, त्यांचा नाद सोडा. गप्पी घ्याल तर नुसते नर घ्या, रंगही त्यांच्यातच जास्त. एकटी मादी आणली तरी ती पोटुशी असू शकते, आणि एका भेटीनंतर महिनोन् महिने पिल्लं देत राहते. नंतर ती पिल्लं कुणी घेत नाही.

पाणपोई:
प्लॅटीवर तह झाला! हे मात्र अजून एंजलवर अडून बसलेत. झाडं आणली, त्यांच्याबरोबर बारीक गोगलगायी आल्यात. काढू का?

हिरवाकंच:
राहू द्या, शेवाळ आणि सडकी पानं खातात. फार वाढल्या तर समजा खाणं जास्त पडतंय.