मदत हवी आहे: सासऱ्यांचा अफगाणी गालिचा, घेणारा रविवारी येतोय

रेवती_कोथरूड
जरा लवकर सांगा, रविवारी सकाळी माणूस येणार आहे. सासऱ्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि महिनाअखेरीस फ्लॅट रिकामा करून द्यायचा आहे. कपाटं, दिवाण, पितळेची भांडी असं सगळं जुना माल घेणाऱ्या एकाला दाखवलं. त्यात एक अफगाणी गालिचा आहे. आधी तो म्हणाला, फर्निचरबरोबर तसाच टाका. मी नको म्हटल्यावर ८,००० वर आला आणि घरी पोचल्यावर फोन करून २५,००० म्हणाला. त्याचं म्हणणं असं की कसर लागली आहे, काळ्या रेघा खाल्ल्या गेल्यात, ठेवाल तर वर्षभरात चिंधी होईल. खरा अफगाणी असेल तर किंमत किती धरायची? इथे फोटो चढत नाहीयेत, त्यामुळे फोटो मागू नका.

चिपळूणचा_बापू
माप? पाठ कशी आहे? ताणा, म्हणजे उभे धागे, सुती की लोकरी? दशा गालिच्यातूनच निघाल्यात की वरून शिवल्यात? नुसतं 'अफगाणी' म्हणून कुणी किंमत सांगितली तर विश्वास ठेवू नका.

सुगृहिणी_नाशिक
रेवती, विकायच्या आधी धुऊन घे. रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी कोमट पाण्यात फेस काढायचा, मऊ ब्रशने लवेच्या दिशेने फिरवायचं आणि गच्चीत कडक उन्हात दोन दिवस टाकायचं. आमचा भदोहीचा गालिचा मी असाच धुते, नव्यासारखा निघतो.

चिपळूणचा_बापू
ताई, कृपा करून असलं काही सांगू नका! रंग पक्का आहे की नाही हे माहीत नसताना पाणी घातलं तर लाल रंग पांढऱ्या लोकरीत उतरेल आणि तो परत निघत नाही. कडक उन्हाने रंगही उडतो.

दर्यासारंग
मी दुबईत बरीच वर्षं होतो. दुकानात ज्याचे एक लाख सांगतात, तोच विकायला नेलात तर वीस हजारसुद्धा कोणी देत नाही. २५,००० रोख मिळतायत तर देऊन मोकळ्या व्हा. खरी किंमत बोखाऱ्यालाच, रांगेने अष्टकोनी फुलं असतात त्याला. तशी फुलं आहेत का?

रेवती_कोथरूड
अष्टकोनी फुलं नाहीत. तीन बाय साडेचार फूट असेल. मधला भाग उंटाच्या रंगाचा, त्यावर झाड, वर चौकोनी कमान, बाजूने लाल-निळ्या किनारी. पाठीमागेही तीच नक्षी दिसते. सासऱ्यांनी तिकडूनच आणला होता. किंमत सांगा ना कोणीतरी.

विणकर_इचलकरंजी
तिकडून म्हणजे कुठून? कोणत्या साली? ते तिथे काय करत होते? तुम्हाला किरकोळ वाटेल, पण यावर बरंच ठरतं. आणि दोन्ही लांब कडांना काय आहे ते हात लावून सांगा. मऊ लोकर आहे की काळपट, राठ केस?

रेवती_कोथरूड
आत्ता सासूबाईंना विचारलं. सासरे सल्मा धरणाच्या कामावर इंजिनियर होते, अफगाणिस्तानातल्या हेरात प्रांतात. २०१० च्या आसपास सुट्टीवर येताना आणला. हेरातच्या जामा मशिदीजवळच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून घेतला होता. घेतला तेव्हाही वापरलेलाच होता, म्हणून त्या तेव्हा रागावल्या होत्या म्हणे. कडा राठ आहेत, काळ्या. आखूड बाजूंना चार बोटं सपाट विणलेली पट्टी आहे, तिच्यावरही बारीक नक्षी आहे.

विणकर_इचलकरंजी
आता बोलता येईल. कडांना बकरीचे केस, टोकांना किलीमसारखी, म्हणजे बिनगाठींच्या सपाट विणीची पट्टी, उंटाच्या रंगावर झाड आणि वर कमान, तेही हेरातहून. बाजारात याला बलुच म्हणतात आणि कमान असलेला म्हणजे नमाजाचा गालिचा. प्रत्यक्षात हेरातच्या आसपास 'बलुच' नावाने जे विकतात ते तिमुरी, जमशेदी, तैमनी अशा ऐमाक टोळ्यांचंही असतं. सल्मा धरण ज्या चिश्त-ए-शरीफजवळ आहे, त्या बाजूलाही ऐमाक लोक राहतात.

दर्यासारंग म्हणतात ती अष्टकोनी फुलं तुर्कमेनांची. अंदखोय, अक्चा, कुंदुझ या उत्तरेकडच्या भागात एर्सारी तुर्कमेन विणतात. माल बुखाऱ्याच्या बाजारातून विकला जायचा म्हणून नाव बोखारा पडलं. ते घराणंच वेगळं. ती फुलं नाहीत म्हणून याची किंमत कमी धरायचं कारण नाही.

माझा खरा प्रश्न त्या 'खाल्लेल्या' रेघांबद्दल आहे. नीट बघून सांगा: फक्त गडद तपकिरी किंवा काळ्या रेघाच खोल गेल्यात, की लाल-निळ्यातही कुठे खड्डे आहेत? पाठीवरून बघितलं तर त्या रेघांच्या गाठी शाबूत दिसतात का?

दर्यासारंग
घराणं कुठलंही असो, गिऱ्हाईक मिळायला हवं ना. गाठी मोजा. काश्मिरी गालिच्यात चौरस इंचाला तीनशे-चारशे गाठी सहज सापडतात.

रेवती_कोथरूड
मोजल्या. पाठीवर एका इंचात आडव्या ८, उभ्या ९. म्हणजे ७२ च! खोल गेलेल्या फक्त काळसर रेघा आहेत, फुलांभोवतीच्या. लाल आणि निळा कुठेच खाल्लेला नाही. पाठीवरून रेघा पूर्ण दिसतात. काय अर्थ याचा?

विणकर_इचलकरंजी
याचा अर्थ बहुधा ती कसर नाही.

कसरीच्या अळीला लोकर हवी असते, रेघ कोणत्या रंगाची आहे याच्याशी तिचं देणंघेणं नसतं. ती दिवाणाखाली, अंधारात, जिथे झाडू पोचत नाही तिथे वेडेवाकडे पट्टे खाते. मागे जाळी आणि वाळूसारखी विष्ठा राहते. नक्षी पाहून नेमकी बाह्यरेषाच खायची आणि शेजारचा लाल सोडायचा, असं ती करत नाही. जुन्या नैसर्गिक रंगकामात गडद तपकिरी-काळ्यासाठी अक्रोडाची किंवा डाळिंबाची साल आणि त्यात लोहाचा अंश वापरत. लोहाने लोकर हळूहळू ठिसूळ होते, पायाखाली झिजते आणि बाकीची नक्षी उठावदार राहते. हे व्हायला अनेक वर्षं लागतात. हात फिरवलात तर लाल फुलं बोटांना वर आलेली लागतील.

७२ गाठी ऐकून घाबरू नका. बलुच विणीत एवढ्याच असतात. माग जमिनीवर चार खुंट्या ठोकून आडवा मांडलेला. मुक्काम हलवायची वेळ आली की खुंट्या उपटायच्या, अर्धं विणकाम दांड्यांवर गुंडाळायचं आणि पुढच्या मुक्कामी परत ताणायचं. म्हणून हे गालिचे लहान, म्हणून कडा कधी सरळ नसतात. शहरातल्या कारखान्यात नकाशा वाचून घातलेल्या चारशे गाठींशी तुलना करून काय मिळणार? इथे बघायची ती लोकर आणि रंग.

जुना_बाजार
विणकर, इतक्या खात्रीने सांगू नका. हा धंदा मी जवळून बघितलाय. नवा गालिचा रस्त्यावर अंथरून वरून गाड्या जाऊ देतात, उन्हात टाकतात, चहाच्या पाण्यात बुडवतात आणि काळ्या रेघा कात्रीने कापून 'जुना' करून विकतात. परदेशी इंजिनियर दिसला की दुकानदाराला आनंदच. २०१० ला घेतला म्हणजे जुना असेलच असं नाही.

विणकर_इचलकरंजी
मान्य, होतं असं. म्हणून तर गाठी शाबूत आहेत का विचारलं. पण कात्रीने कापलेली लव एकसारख्या उंचीवर सपाट लागते. झिजलेली रेघ कुठे खोल, कुठे उथळ, भुरभुरीत असते. रेवती, भिंगाने एक रेघ बघा. आणि लाल भागात लव बोटांनी दुभंगून मुळाशी बघा. टोकाला फिकट आणि मुळाशी एकदम भडक गुलाबी-केशरी दिसलं तर रासायनिक रंग. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल असेल तर टोकापासून मुळापर्यंत एकाच कुळातला दिसेल, फार तर किंचित गडद.

प्राजक्ता_सोलापूर
नैसर्गिक रंगांचा विषय निघालाच आहे तर, आमच्या आजोबांचे माग होते. सोलापुरी चादरीला आणि जमखान्यालाही हेच भोग आलेत. यंत्रमागाचा माल शेजारी ठेवला की हातमागाला कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या विणकरांसाठी कोणी काही करत नाही आणि लोक परदेशी गालिच्यांमागे धावतात, याचं वाईट वाटतं.

चिपळूणचा_बापू
प्राजक्ता, तुमचं दुःख खरं आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. मी येईन तिथे.

रणधीर_नागपूर
नक्षीत कुठे रणगाडा, हेलिकॉप्टर किंवा बंदूक दिसते का? डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, त्यानंतर बलुच बायकांनी फुलांच्या जागी कलाश्निकोव्ह आणि रणगाडे विणायला सुरुवात केली. युद्धगालिचे म्हणून जगभर संग्राहक घेतात. झाडाच्या पानांत नीट शोधा.

रेवती_कोथरूड
नाहीत हो रणगाडे. वरच्या दोन कोपऱ्यांत मात्र हाताच्या पंजासारखं काहीतरी आहे. लाल भाग दुभंगून पाहिला, मुळाशी थोडा गडद, भडक नाही. निळ्या किनारीत अर्ध्यावर रंग बदलतो, एकदम फिका होतो. हा दोष धरतात का? तो माणूस त्याचेही पैसे कमी करत होता.

विणकर_इचलकरंजी
दोष नाही. त्याला अबरश म्हणतात. घरी टकळीवर कातलेली लोकर थोडी थोडी रंगवतात. पहिला घाणा संपला की दुसरा, त्यात नीळ कमी-जास्त होते, लोकरही वेगळ्या मेंढीची. विणणारी बाई आहे ती लोकर घेऊन पुढे जाते. कारखान्यातला माल असा नसतो, म्हणून नकली करणारे आता हा फरकही मुद्दाम घालतात. पण तुमच्याकडे कडा, पट्टी, रेघा, लाल हे सगळं एकाच दिशेला बोलतंय.

पंजे काही बलुच नमाजी गालिच्यांत असतात, सजद्यात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकताना, हात ठेवायच्या जागी.

शबाना_मिरज
नमाजाचा असेल तर एक विनंती. तुमच्याकडेच ठेवलात तर जमिनीवर टाकून त्यावरून चपला घालून चालू नका. भिंतीवर लावा किंवा घडी न घालता जपून ठेवा. ज्या बाईने विणला तिने तो कुणाच्या तरी कपाळासाठी विणला होता.

रेवती_कोथरूड
शबानाताई, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. सासऱ्यांच्या खोलीत तो पलंगाजवळच अंथरलेला असायचा. आजच उचलते.

मंदार_मेलबर्न
किंमत किंमत करताना एक गोष्ट कुणीच बोललं नाही. विणणारीला यातलं जवळपास काहीच मिळत नाही. दलाल लोकर देतो, नक्षी ठरवतो, झाल्यावर उचलून नेतो. १९७९ नंतर लाखो लोक पेशावरच्या छावण्यांत गेले आणि माग तिकडेच गेले. नंतरही बरीच वर्षं बराच माल कापणी-धुलाईला पाकिस्तानात जात आला आणि तिथलाच म्हणून विकला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत सत्तेवर आल्यापासून तर मुलींच्या माध्यमिक शाळा बंद, बायकांना बहुतेक ठिकाणी बाहेर काम करू देत नाहीत. घरातला माग हीच अनेकींची कमाई उरली आहे. हेरातच्या दुकानात रेवतीच्या सासऱ्यांनी दिलेले पैसे विणणारीपर्यंत पोचले की नाही, कुणास ठाऊक. निदान आता तो रद्दीच्या भावाने जाऊ नये.

दर्यासारंग
भावना ठीक, पण रविवारी माणूस दारात उभा आहे. रेवती, तुम्हाला आकडा हवाय आणि इथे इतिहास चाललाय.

जुना_बाजार
आकड्याचं मी सांगतो, पण फोटोवरूनसुद्धा कोणी प्रामाणिक माणूस पक्का सांगणार नाही. पहिल्या फोनवर ८ चे २५ झाले, म्हणजे त्याच्याकडे गिऱ्हाईक तयार असणार. फर्निचरपासून गालिचा वेगळा काढा. गालिच्यांत काम करणाऱ्या दोन जाणकारांना दाखवा, मूल्यांकन करणारा वेगळा आणि विकत घेणारा वेगळा ठेवा. जो मूल्य सांगून लगेच 'मीच घेतो' म्हणतो त्याला देऊ नका. लाखांची स्वप्नं मात्र बघू नका. टोळ्यांच्या मालात लिलावात मोठ्या रकमा मिळतात त्या फार जुन्या, सालोर वगैरे तुर्कमेन टोळ्यांच्या तुकड्यांना. लहान बलुच चांगला असला तरी आपल्याकडे जाणते गिऱ्हाईक कमी.

रेवती_कोथरूड
त्याला आत्ताच फोन करून सांगितलं, फर्निचर घ्या, गालिचा नाही. लगेच ४०,००० म्हणाला! आता तर देतच नाही. भिंगाने पाहिलं, रेघा खालीवर आहेत, सपाट नाहीत. सासूबाई म्हणतात विकायचाच नाही. नणंद न्यू जर्सीला आहे, तिला हवाय. पार्सलने पाठवता येईल का? आणि तोवर ठेवू कसा, आमच्याकडे माळ्यावर ओल असते.

चिपळूणचा_बापू
माळ्यावर अजिबात नको. आधी पांढरा सुती रुमाल ओला करून पाठीच्या कोपऱ्यात दाबून धरा, लाल उतरला तर घरी पाणी लावायचंच नाही. ब्रशशिवाय व्हॅक्यूम दोन्ही बाजूंनी फिरवा. मग जुन्या सुती चादरीत गुंडाळून आडवा ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही, ओल आतच कोंडते. डांबरगोळ्या लोकरीला चिकटू देऊ नका. दोन-तीन महिन्यांनी उलगडून वारा द्या.

विणकर_इचलकरंजी
परदेशी पाठवण्याबद्दल: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. तुमचा तेवढा जुना असेल असं मी म्हणत नाही, पण जुना दिसणारा गालिचा कस्टमवर अडकू शकतो. आधी पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र घ्या. आणि सासूबाईंकडून दुकान, साल, सासऱ्यांची नेमणूक हे सगळं लिहून घ्या, एखादी पावती किंवा तिकडचा फोटो सापडला तर सोबत ठेवा. आत्ता त्यांना आठवतंय तोवर.

स्नेहल_पनवेल
धागा वाचून माझाही काढला. अफगाणी म्हणून प्रदर्शनात घेतला होता, पण पाठीला जाड कापड चिकटवलंय आणि दशा शिवलेल्या आहेत. हाही जुना असेल का?

चिपळूणचा_बापू
नाही स्नेहल, कापड चिकटवलंय म्हणजे आत गाठी नाहीत. बंदुकीसारख्या यंत्राने लोकर टोचून मागे चिकट लावतात, ती लव वर्षागणिक सुटते. पावती आहे का? त्यावर 'हाताने गाठलेला' लिहिलंय की नुसतं 'हातचा'?