फ्रेंच स्टाइल चीज प्लॅटर करायचंय, कुठली चीज घेऊ?

दादरची_आत्या
नमस्कार मंडळी, येत्या शनिवारी भाचीच्या होणाऱ्या सासरचे लोक जेवायला येतायत, आम्ही धरून आठ जण. भाचीचं म्हणणं, आत्या सुरुवातीला बटाटेवडे नकोत, फ्रेंच पद्धतीचं चीज आणि ब्रेडचं प्लॅटर ठेव, मुलगा फ्रान्समध्ये लियाँला शिकलाय. मला क्यूब्ज आणि स्लाइसच्या पुढचं चीज कळत नाही हो. कुठली घेऊ, किती घेऊ, आणि श्रावण चालू आहे, त्याची आई पक्की शाकाहारी आहे.

खारचा_खवय्या
ताई, तीनच चीज घ्या. एक मऊ, म्हणजे ब्री किंवा कामांबेर, एक कडक म्हणजे काँते, आणि एक ब्लू (निळसर बुरशीचं) किंवा बकरीच्या दुधाचं. सहा-सात प्रकार मांडले की प्रत्येकाचा तुकडा तुकडा उरतो आणि तुम्ही आठवडाभर तेच खात बसता. माणशी ५० ग्रॅम पकडा, म्हणजे ४०० ग्रॅम, पुढे अख्खं जेवण आहे ना. ब्री त्रिकोणी तुकडा असेल तर टोकाकडून कापू नका, लांबीच्या बाजूने कापा, म्हणजे सगळ्यांना थोडी थोडी साल येते (साल खायची असते, पाहुण्यांना सांगा नाहीतर सोलत बसतील). आणि फ्रिजमधून आधी काढून ठेवा, थंडगार चीजला चवच नसते. पुस्तकात एक तास म्हणतात पण आपल्या ऑगस्टच्या दमट हवेत मऊ चीजला अर्धा तास पुरे, नाहीतर पसरून जाईल.

पार्ल्याची_सुगरण
वर कोणी रेनेटचं बोललंच नाही! दूध फाडायला जे वापरतात ते पारंपरिक चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या पोटातून काढतात. काँते आणि रोकफोर (हे एक ब्लू चीज) नियमाप्रमाणे त्यानेच बनतात त्यामुळे ती दोन्ही त्या बाईंसमोर ठेवू नका, श्रावणात तर नाहीच. पाकिटावर 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेरियन रेनेट' (म्हणजे प्राण्याच्या पोटातलं नसलेलं) लिहिलंय का वाचा, ओळ सापडली नाही तर दुकानदाराला विचारा. आता आपल्याकडेही ब्री आणि बकरीच्या दुधाचं चीज बनतं आणि काही जण शाकाहारी रेनेट वापरतात, स्वस्तही पडतं. क्रॉफर्ड मार्केटला इम्पोर्टेडवाल्यांकडे मिळेल पण एक्सपायरी नीट बघून घ्या.

खारचा_खवय्या
हो, काँतेचं बरोबर आहे, ते सोडा. त्याऐवजी मायक्रोबियल रेनेटचं गौडा घ्या, फ्रेंच नाही पण कोण तपासायला येतंय.

ब्रून_मस्का
ब्रेडचं मी सांगतो. बगेट, म्हणजे तो लांबुळका फ्रेंच ब्रेड, त्याच दिवशी घ्या, संध्याकाळपर्यंत मुंबईच्या हवेत चामट होतो, तसं झालं तर वरून पाण्याचा हात फिरवून गरम ओव्हनमध्ये पाच मिनिटं, कुरकुरीत होतो. नाही मिळाला तर इराणी बेकरीतला ब्रून आणा, पातळ काप करून तव्यावर भाजा, मला तर ब्रीबरोबर तोच आवडतो. क्रॅकर्स शेवटच्या क्षणी उघडा. बाजूला अक्रोड, सुकं अंजीर, पेअरचे काप आणि वाटीभर मध. स्ट्रॉबेरी आत्ता शोधत बसू नका, सीझन नाही.
आणि एक, मुलगा लियाँला होता तर त्याला माहीत असणारच की तिकडे चीज जेवणानंतर आणि गोडाच्या आधी येतं. आधी ठेवलंत तर सगळे ब्रेडवरच पोट भरतील आणि तुमची मसालेभाताची मेहनत वाया.

दादरची_आत्या
अय्या हे तर भाचीलाही माहीत नव्हतं, ती म्हणतेय मग जेवणानंतरच ठेवू. आता बटाटेवडे परत आले की हो बेतात! ब्लू चीज घरात वास मारतं का खूप? आमच्या फ्रिजमध्ये ताक आणि दूधही आहे.

पार्ल्याची_सुगरण
मारतं. फॉइलमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि त्याची सुरी वेगळी ठेवा नाहीतर ब्रीला तोच वास लागतो. बाकी वडे कराच.