हवामान कायदा आधी, की स्थानिक संस्थांना बळ आधी?

वाटसरू: स्पष्टच मांडतो. हवामान बदलासाठी स्वतंत्र, बंधनकारक राष्ट्रीय कायदा हवाच. नुसते कृती आराखडे सरकार बदललं की कपाटात जातात. ब्रिटनने २००८ साली कायदा केला. त्यात हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाच्या पाच-पाच वर्षांच्या मर्यादा आधीच ठरतात. स्वतंत्र समिती दरवर्षी संसदेपुढे प्रगतीचा अहवाल ठेवते आणि सरकारला त्यावर उत्तर द्यावंच लागतं.

नकाशेवाला: नाही पटलं. नगररचना विभागात मी अकरा वर्षं काढली. पूररेषेच्या आतल्या भूखंडाची फाइल टेबलावर येते, तेव्हा उत्सर्जन घटवण्याचं २०५० चं लक्ष्य कुणाला आठवत नाही. नकाशा जुना, सर्व्हेअर एकच आणि वरून फोन. मी शेरा मारला, ‘परवानगी देऊ नये’. तीन महिन्यांत माझी बदली झाली आणि तिथे जोतं उभं राहिलं. नियम तेव्हाही होताच की! आधी माणसं, ताजे नकाशे आणि हक्काचा निधी द्या. केनियातल्या इसिओलो काउंटीत वॉर्डातल्या लोकांचीच समिती ठरवते, पैसा पाण्याच्या सोयीवर घालायचा की चराईच्या नियोजनावर. आणि हे सुरू झालं ते तिथला २०१६ चा हवामान कायदा येण्याआधी.

वाटसरू: वाचून वाईट वाटलं. पण तुमचा शेरा डावलणाऱ्याला कोर्टात खेचता आलं असतं तर? नेदरलँड्समध्ये नागरिकांनी सरकारला खेचलंच. २०२० पर्यंत उत्सर्जन १९९० पेक्षा किमान २५ टक्क्यांनी घटवा, हा आदेश तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला.

कोरडवाहू: तो निकाल हवामान कायद्यावर नव्हे, मानवी हक्कांच्या युरोपीय करारावर उभा होता. शिवाय दावा २०१३ चा, अंतिम निकाल डिसेंबर २०१९ चा. सहा वर्षं! तोवर पाणी घरात शिरायचं थांबतं का?

वाटसरू: उशीर होतो, मान्य. पण ब्रिटनमध्ये २०२२ आणि २०२४ मध्ये हायकोर्टाने सरकारचा आराखडा अपुरा ठरवला, तो याच २००८ च्या कायद्यावर बोट ठेवून.

नकाशेवाला: आराखडा अपुरा ठरवला, ठीक. सुधारलेला आराखडा राबवणार कोण? तोच एकटा सर्व्हेअर? तुमच्या कायद्यात दोन कलमं घाला: तांत्रिक शेरा डावलणाऱ्याने कारण सहीनिशी जाहीर करायचं आणि निधी थेट स्थानिक संस्थेच्या खात्यात यायचा. मग मीही तुमच्या बाजूने उभा राहीन.