चक्रीवादळाचा दोन टेराबाइट डेटा फिरवून, कापून कसा पाहावा?

प्रश्न :
मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाचे तीन दिवसांचे गणन मी डब्ल्यूआरएफ या हवामानाच्या संगणकीय मॉडेलवर केले आहे. जाळीत २००० × २००० बिंदू आणि ६० थर असल्याने एका घटकाचा एका क्षणाचा डेटाच सुमारे १ गिगाबाइट भरतो. वाऱ्याचे तीन घटक, तापमान आणि आर्द्रता दर दहा मिनिटांनी साठवल्यामुळे एकूण आकार दोन टेराबाइटच्या पुढे गेला असून माझ्या लॅपटॉपवर तो उघडत नाही. छापील नकाशांवर वादळाचा डोळा दिसतो. मात्र डोळ्याभोवतीची ढगांची भिंत मला हव्या त्या कोनातून पाहायची आहे. कोणता मार्ग घ्यावा?

उत्तर १ :
डेटा जिथे आहे तिथेच राहू द्यावा. पॅराव्ह्यू या डेटाची चित्रे काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर महासंगणकाच्या नोडांवर (त्यातील स्वतंत्र संगणकांवर) चालवल्यास प्रत्येक प्रक्रिया जाळीचा आपापला तुकडा वाचून रंगवते, त्या तुकड्यांची चित्रे जवळचे पुढे, दूरचे मागे अशा क्रमाने एकत्र केली जातात आणि लॅपटॉपपर्यंत केवळ तयार चित्र येते. १९२० × १०८० बिंदूंचे चित्र संकुचित (कॉम्प्रेस) न करताही सुमारे ६ मेगाबाइटचेच असते. लॅपटॉपवरील आणि सर्व्हरवरील पॅराव्ह्यूची आवृत्ती एकच ठेवा, अन्यथा जोडणी होत नाही.

उत्तर २ :
वरील उत्तराशी सहमत आहे, पण चित्र दिसू लागल्यावरच खरी काळजी घ्यावी लागते. डब्ल्यूआरएफचे थर जमिनीच्या चढउतारांनुसार वाकतात, त्यामुळे सह्याद्रीजवळ ‘दहावा थर’ म्हणजे एकच उंची नव्हे; शिवाय वाऱ्याचे घटक जाळीच्या पेशींच्या कडांवर साठवलेले असतात, ते आधी मध्यबिंदूंवर आणावेत. वादळ शेकडो किलोमीटर रुंद आणि जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर उंच असल्याने चित्रात उंचीची मोजपट्टी ताणावीच लागते, मात्र किती पट ताणली ते चित्रावर अवश्य लिहावे. इंद्रधनुषी रंगपट्टी कृपया टाळावी, कारण पिवळ्या रंगापाशी डेटात नसलेली कडा डोळ्यांना भासते.

प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. पुढच्या वेळी इतका डेटा साठवणे टाळता येईल का?

उत्तर १ :
येईल. कॅटॅलिस्ट ही पॅराव्ह्यूची ग्रंथिका (लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच) मॉडेलला जोडल्यास गणन चालू असतानाच चित्रे तयार होतात. परंतु तेव्हा न सुचलेला प्रश्न नंतर विचारता येत नाही, म्हणून संशोधनासाठी निदान डोळ्याभोवतीच्या भागाचा मूळ डेटा जपून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.